नातलगांची अडगळ

आमच्या दिल्लीकर मराठी बांधवांत अलीकडे एक मत मोठ्या आढ्यतेने मांडले जाते. पती-पत्नी आणि मुले एवढेच काय ते कुटुंब. बाकीचे काका, आत्या, मावश्या म्हणजे बदलीच्या सामानातून गाळावयाचे अडगळीचे जिन्नस! मंडळाच्या गणेशोत्सवात हे मत आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा समाचार घेणे आता भाग आहे.

या मताला सरकारी नियमांचाही आधार दाखविण्यात येतो. रजा प्रवास सवलतीच्या १९८८ च्या नियमांत 'कुटुंबा'ची व्याख्या आहे. तीत पती अथवा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईबाप आणि काही अटींवर भावंडे बसतात. आत्या बसत नाही, मामा बसत नाही. ठीक आहे. सरकारला तिकिटाचे पैसे मोजावयाचे असतात. त्याने कोठे तरी रेघ ओढलीच पाहिजे. परंतु हिशेबाच्या सोयीची ती रेघ आम्ही आपल्या काळजावर का ओढून घ्यावी?

आमच्या समाजाने नात्यांना नुसती नावे दिली नाहीत, कामेही नेमून दिली. बारशाला नाव ठेवावयाचे ते आत्याने, मुलीला बोहल्यावर आणावयाचे ते मामाने, नवरदेवाचा कान पिळावयाचा तो वधूच्या भावाने. परमुलखात या जागा भरता येत नाहीत असे नाही. शेजारच्या ब्लॉकमधील कोणी सद्गृहस्थ मामा म्हणून उभे राहतात, आणि उत्तम उभे राहतात. पण पुढे त्यांची गुवाहाटीस बदली होते. मुलीला सासरी काही दुःख झाले तर तिने कोणत्या मामाचे दार ठोठवावे? इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात आप्तसंबंधांचे प्रदेशवार भेद दाखविले आहेत. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात, उत्तरेत ते निषिद्ध. तेव्हा आमच्या मुलांना आमची नाती येथील शेजारी शिकविणार नाहीत. आणि आम्ही घरात काय शिकवितो? काका, मामा, आतोबा, मावशीचे यजमान, चौघेही 'अंकल'!

प्रतिपक्ष म्हणेल, जुन्या एकत्र कुटुंबात सुनांचा छळ झाला, विधवांचे हाल झाले, वाटणीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले. खरे आहे. 'भाऊबंदकी' हा शब्द आमच्याच भाषेने घडविला. त्या एका चुलीचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. चूल वेगळी असावी. येणेजाणे तुटू नये. अंतरामुळे वडीलधाऱ्यांचा धाक तर गेलाच आहे. मग माया राखावयास हरकत कोणती?

परीक्षेसाठी आलेला भाचा बैठकीच्या खोलीत महिनाभर पथारी टाकतो, हा त्रास आम्हीही जाणतो. दोन खोल्यांच्या क्वार्टरात तो त्रासच, त्याला दुसरे नाव नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत आगगाड्या थांबल्या, विमाने थांबली, आम्ही येथे अडकून पडलो. तेव्हा गावाकडे आमच्या कितीएक म्हाताऱ्या मातापित्यांना औषधे पोचविली ती असल्याच भाच्यांनी आणि चुलतभावांनी.

आणखी एक साधा हिशेब आहे. एकुलत्या एकाचा विवाह एकुलत्या एकीशी झाला, तर त्यांच्या अपत्यास सख्खा काका नाही, मामा नाही, आत्या नाही, मावशी नाही. त्याला जे चुलते-मामे मिळतील ते आईबापांच्या चुलत-मावस भावंडांतलेच. ती भावंडे आज एकमेकांस ओळखतही नसतील, तर उद्या ती आणावयाची कोठून? व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलाचे चित्र धाडून हे काम होत असते, तर प्रश्नच नव्हता.

नियमाने चार वर्षांत दोन फेऱ्या मिळतात: दोन्ही स्वग्रामी, किंवा एक स्वग्रामी आणि एक भारतात कोठेही. सिमला खुशाल पाहावे. स्वग्रामाची फेरी मात्र स्वग्रामीच करावी, मुलांना घेऊन, आंबे उतरविण्याच्या दिवसांत; आणि मुक्काम हॉटेलात नको, चुलत्याच्या ओटीवर.