नावेसाठी खोली हवी

गेल्या पालक-सभेत एक सूचना आली : हस्तव्यवसायाची खोली आता कोण वापरतो? ती रिकामी करून तेथे आणखी संगणक ठेवावेत. संगणकाला आमचा विरोध नाही. पण त्याच खोलीत सध्या नववीची मुले-मुली आठ फुटांची एक लहान नाव बांधीत आहेत. विश्वस्तांनी व पालकांनी ती एकदा पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नावेच्या बरगड्या वाकलेल्या असतात. नऊ मिलिमीटरचे प्लायवूड तेवढे वाकवू गेले, तर तडकते. म्हणून मुले तीन-तीन मिलिमीटरचे तीन थर घेतात, मध्ये इपॉक्सी लावून साच्यावर बसवतात व रात्रभर शिकंज्यात ठेवतात. सुटे थर सहज वाकतात. एकदा चिकटले, की तोच बाक धरून राहतात. शिकंजे काढल्यावर तुकडा किंचित उलगडतो, म्हणून साचा थोडा अधिक वाकडा करावा लागतो. हे गणित मुले तुकडे वाया घालवूनच शिकली.

आमच्याही चुका झाल्या. एप्रिलच्या उन्हात घाई करून आम्ही सगळे रेझिन व हार्डनर एकाच डब्यात कालवले. मिश्रण तापले, धुरावले आणि बघता बघता दगड झाले. आता सकाळच्या गारव्यात, थोडे थोडे, मोजून, पसरट भांड्यात कालवतो. एकदा शिकंजे इतके आवळले, की इपॉक्सी बाहेर आले व थर सुटले. सुताराच्या पांढऱ्या गोंदाला चांगला दाब लागतो. इपॉक्सीला थर नीट टेकले की पुरते.

पालकांची काळजी रास्त आहे. इपॉक्सी वारंवार अंगाला लागले, तर त्याचे कायमचे वावडे होऊ शकते. म्हणून हातमोजे सक्तीचे, खिडक्या उघड्या, घासताना तोंडाला मास्क. जीवरक्षक जाकीट व जाणता नावाडी असल्याशिवाय नाव क्षिप्रेत उतरणार नाही.

हा पोरखेळ नव्हे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी पट्ट्या, काचतंतूचे कापड व इपॉक्सी यांतूनच ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका तयार झाली. तिच्यातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

संगणकांसाठी वाचनालयालगतचा व्हरांडा बंदिस्त करता येईल. लाकडाची धूळ आणि सुकणारी नाव मात्र दुसरीकडे कोठे नेणार? येत्या शनिवारी खोली दिवसभर उघडी राहील. विश्वस्तांनी व पालकांनी अवश्य यावे, बरगड्यांवरून हात फिरवून पाहावा, मुलांना चार प्रश्न विचारावेत आणि मग ठराव मांडावा, ही विनंती.