एका विषण्ण गीताविषयीं

उदास रॉक गाणीं मुलांस बिघडवितात, अशी कित्येक पालकांची तक्रार असते. अमेरिकेंतील 'निर्वाना' या वृंदाचें 'समथिंग इन द वे' हें पुलाखालीं राहणाऱ्या निराश्रिताचें गाणें पाहा. १९९१ सालीं तें मुद्रित होतांना सर्वांनीं मिळून वाजविलें, पण साधेना. मग कर्ट कोबेन यंत्रांच्या खोलींत कोचावर निजून, कुजबुजल्यासारखा गायिला. निर्माते बुच व्हिग यांनीं पंखा व टेलिफोन बंद करून तो स्वर टिपला. ड्रम व चेलो मागाहून जोडले, तेहि हलक्या हातानें. आरडाओरड कोठें आहे?

कोबेननें १९९४ सालीं आत्मघात केला. म्हणून पालकांची भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु गाणें हिरावून घेतल्यानें मुलाची उदासी जात नाहीं, तो आपणांपासून ती लपवूं लागतो. त्याच्याजवळ बसून एकदां तें ऐकावें, व त्याला तें कां आवडतें हें न रागावतां विचारावें.