अर्धशक्ती आणि जीवनाची दिशा

वरसे-रोहा परिसरात पहाटे फिरावयास निघाले की एक दृश्य हमखास दिसते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावत असतात. त्यांपैकी काही जण सायंकाळी दवाखान्यात येतात. तक्रार गुडघ्याची, अम्लपित्ताची किंवा झोप न लागण्याची असते. पण थोडे बोलते केले की खरे दुखणे निराळेच निघते. "डॉक्टर, यंदाही निवड झाली नाही तर पुढे काय करायचे, तेच सुचत नाही." या प्रश्नावर चूर्ण वा वटी नाही. मात्र त्याच्या उत्तराचा काही अंश त्यांच्या धावण्यातच दडलेला आहे, असे माझे मत आहे.

वाग्भटांनी व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती अशी सांगितली. तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी, शीतकाळी व वसंतात. अन्य ऋतूंत व्यायाम त्याहून मंद असावा. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे, ही बलार्धाची लक्षणे आपण सर्वांनीच पाठ केलेली आहेत. अतिव्यायामादी साहस करणारा माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा दृष्टांतही वाग्भटांचाच. तो केवळ ग्रंथात राहिलेला नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांनी प्राण गमावले. पुढे हे अंतर कमी करण्यात आले. आज पुरुषांसाठी ते १६०० मीटर आहे.

तथापि अर्धशक्ती म्हणजे केवळ सावधगिरी नव्हे. आपली अर्धी शक्ती किती, हे ठाऊक होण्यासाठी पूर्ण शक्तीचा अंदाज यावा लागतो, आणि तो घरात बसून विचार केल्याने येत नाही. दीर्घ अंतर धावणारा रोज हेच शिकतो. पहिल्या किलोमीटरला वाटणारा उत्साह खोटा ठरू शकतो, तसा पाचव्या किलोमीटरला वाटणारा थकवाही. नियमित सरावाने माणसास स्वतःचा वेग कळतो आणि स्वतःचा वेग कळला की स्वतःची वाटही कळू लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातील मोही या गावच्या या कन्येने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिला क्रमांक मिळवला. वाट ठरलेली होती, नावही झाले होते. तरीही त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असतात. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठल्यानंतर ट्रॅकवरील शर्यतीत असे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढे त्या महसूल सेवेत आल्या व आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगाव येथे तहसीलदार म्हणून त्यांनी काम पाहिले. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे हेही आधी सैन्यात गेले, क्रॉसकंट्री धावले आणि मगच स्टीपलचेसकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. दोघांनाही आपली शर्यत धावता धावता सापडली. निघण्यापूर्वी ती कोणी आखून दिलेली नव्हती.

येथे आपल्या व्यवसायाविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. आपल्यापैकी कितीजण आयुर्वेदाच्या ओढीने बी.ए.एम.एस.ला आले? मी आलो नव्हतो. एम.बी.बी.एस.ला गुण कमी पडले, म्हणून आलो. पदवीनंतर कित्येक वर्षे आपण दुसऱ्याच्या शर्यतीत मागे पडलेले धावक आहोत, ही भावना मनातून गेली नाही. चाळिशीत मधुमेहाच्या भीतीने कुंडलिकेच्या काठाने धावू लागलो. अर्धशक्तीचे लक्षण प्रथमच स्वतःच्या कपाळावर अनुभवले आणि वाग्भट परीक्षेपुरते उरले नाहीत. त्यानंतर रुग्णाची प्रकृती व बल पाहण्यात मन रमू लागले. दिशा बदलली नाही. असलेली दिशा माझी झाली.

धावल्याने नोकरी मिळत नाही, हे मान्य. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला केवळ धैर्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. वातप्रकोप, सांध्यांचे विकार वा हृद्रोग असलेल्यास धावण्याचा सल्ला देणे तर अपराधच होय. परंतु एका भरतीतील अपयशाने संपूर्ण आयुष्याचा निकाल लागला असे मानणाऱ्या तरुणास आपण एवढे निश्चित सांगू शकतो : बाळा, चाचणीसाठी धावतोस तसा आठवड्यातून काही दिवस घड्याळ घरी ठेवूनही धाव, दम कोठे लागतो आणि मन कोठे रमते ते पाहा.

असा रुग्ण समोर आला की औषधपत्र लिहून मोकळे न होता त्यास दहा मिनिटे अधिक द्यावीत, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे. बलपरीक्षण हे आपल्या शास्त्राचे अंग आहे. ज्यास स्वतःचे बल कळले, तो आज ना उद्या स्वतःची वाट शोधतोच.