आजाला ‘तू’ म्हटलं म्हणून

शहापूरहून डोळखांबला जाणाऱ्या एसटीत बाजारच्या दिवशी नीट उभं राहायला मिळालं तरी नशीब म्हणायचं. अशाच एका गर्दीत एक पोरगा जागेवरून उठला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “आजा, तू बस, मी हाय हुबा.” आजाचं गाठोडं त्यानं सीटखाली सरकवलं आणि स्वतः दांडीला लटकला. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मागे वळले. बोलण्यावरून मास्तर वाटत होते. “काय रे, मोठ्या माणसाशी असं बोलतात? तुम्ही बसा, असं म्हणावं.” पोरगा ओशाळला. उत्तर दिलं ते आजानं. “त्यानं जागा दिली ना मला? मग तुझा काय बिघाडला?” म्हणजे मास्तरांनाही ‘तू’च! डोळखांब येईपर्यंत मास्तर खिडकीबाहेरचा डोंगर बघत राहिले.

मास्तरांची बाजू फेकून देण्यासारखी नाही. ती अशी : भाषा हे वळण आहे. लहानपणी जिभेला ‘तुम्ही’ची सवय लागली की मनालाही पायरी कळते. ‘तू’ सुटला की मागोमाग उलट उत्तर सुटतं, मग हात सुटतो, आणि शेवटी म्हातारी माणसं पडवीत एकटी पडतात. वरवर पाहता ही साखळी पटते. मात्र तिची पहिलीच कडी कच्ची आहे.

शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी वस्ती. इथल्या घरगुती बोलीत आदरार्थी बहुवचन फारसं फिरकत नाही. आई तू, बाप तू, आजा तू. पाहुणाही चहाचा दुसरा कप होईस्तोवर तू होतो. हे असंस्कृतपणाचं लक्षण मानायचं, तर आधी पंढरपूरला जाऊन विठोबाची माफी मागावी लागेल. वारकरी त्याला ‘तू’च म्हणत आलेत. आणि शहरातल्या घरांत ‘अहो बाबा’ असलं तरी आई ‘ए आई’च असते. मग आईचा मान बाबांपेक्षा कमी होता का? (काही घरांत होता. त्याचं खापर मात्र सर्वनामावर फोडता येणार नाही.)

यावर मास्तर म्हणतील, तो ‘तू’ प्रेमाचा. मान्य. पण मग ‘तू’ म्हणजे अपमान हा मूळ मुद्दा त्यांनीच सोडला की.

मान वयाचा की आणखी कशाचा, हा घोळ महाराष्ट्रात जुना आहे. चांगदेवांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरेप्रमाणे त्यांचं वय चौदाशे वर्षं, आणि पत्र लिहायचं होतं पोरसवदा ज्ञानेश्वरांना. ‘चिरंजीव’ लिहावं तर ज्ञानानं मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयानं लहान. एवढा मोठा योगी मायन्यापाशी अडला आणि त्यानं कोरा कागद धाडला. उलट टपाली आली ती ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला, म्हणजे चार भावंडांतल्या शेंडेफळाला. आपल्याकडे या कथेचं कीर्तन हौसेनं ऐकतात आणि घरी येऊन सुनेला बजावतात, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस.

आता मास्तरांच्या विरुद्ध टोकालाही एक पंथ आहे. तो म्हणतो, शब्दांचं काय घेऊन बसलात, आदर मनात असला की झालं. हे तर त्याहून पोकळ. मनातला आदर कुणी पाहिलाय? त्या पडद्याआड वाटेल ते खपतं. आदर बाहेर दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. फक्त तो कुठं पाहायचा, हा प्रश्न आहे.

त्यासाठी वीटभट्टीवर जावं. दिवाळी झाली की इथल्या पाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथं मालकाचा विशीतला मुलगा साठीच्या माणसाला हाक मारतो, “ए म्हाताऱ्या, तू इकडं ये.” शब्द तोच, ‘तू’. घरी नातू म्हणतो तोच. पण नातवाला आजाही तू म्हणतो. मालकाच्या पोराला मात्र म्हातारा ‘शेठ, तुम्ही’ म्हणतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोघांनी १९६० साली युरोपी भाषांतल्या तू-तुम्हीवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांनी हाच धागा धरला होता : दोन्हीकडून सारखं चालतं तिथं जवळीक, एकाच बाजूनं चालतं तिथं सत्ता. भट्टीवरच्या म्हाताऱ्याला हे कळायला निबंध लागला नसता.

आणि नुसत्या ‘तुम्ही’नं काय होतं, तेही पाहिलंय. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मी माझ्या चुलत्यांना घेऊन गेलो होतो. काका समोर खुर्चीवर बसलेले, कान शाबूत, डोकं शाबूत. डॉक्टर मला विचारत होते, “यांचं वय किती? यांना झोप लागते का? यांना सांगा शर्ट वर करायला.” ‘यांना’, ‘यांचं’, व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती. तीन-चार प्रश्न झाल्यावर काका उठून बाहेर जाऊन बसले. विचारलं तर म्हणाले, “तुमचं दोघांचं चालू दे. माझं काय काम?”

अनादर म्हणतात तो हा. माणूस समोर असताना त्याचं उत्तर गृहीत धरायचं किंवा दुसऱ्याकडून घ्यायचं. वयाच्या दोन्ही टोकांना हेच वाट्याला येतं. म्हाताऱ्याबद्दल मुलाला विचारतात, पोरीबद्दल बापाला. “तुला काय कळतंय” हे वाक्य आपल्याकडे आठ वर्षांच्या आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला एकाच सुरात ऐकवलं जातं. पण आठ वर्षांच्या पोराला म्हटलं तर ते वळण, आणि ऐंशीच्या माणसाला म्हटलं तरच अपमान, असा आपला हिशेब. तो मला मुळीच मान्य नाही.

आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेल्या एका मुलीची गोष्ट तिच्या आजीनंच मला सांगितली. पोरगी शाळेतलं वळण घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, “आजी, तुम्ही कशा आहात?” आजीला वाटलं, पोर रुसली. “मी काय पाव्हनी हाय?” असं म्हणून ती रडली होती म्हणे. शाळेनं वाईट काहीच शिकवलं नव्हतं. उद्या कचेरीत त्या मुलीला ‘तुम्ही’ लागणारच आहे. पण घरच्या ‘तू’ला कुणी तिथं गावंढळ ठरवलं असेल, तर आजीचा अपमान त्या वर्गातच झाला, पोरीनं तो नुसता घरी आणून पोचवला.

सरकारनं २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च, ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. कायदा हवाच होता. पण तो भाकरीपुरता. भाकर ताटात पडते आणि बोलायला कुणी नसतं, त्याचा अर्ज प्रांतसाहेबांकडे कसा करायचा?

म्हाताऱ्याच्या शब्दाला खरा मान दिलाय तो दुसऱ्याच एका कायद्यानं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी उतरवून घेतलेला जबाब हाही एक पुरावा धरलाय. कागद नसलेल्या माणसांच्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे. कायद्याच्या अटीप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कोण कसत होतं, हे नागली-वरईच्या माळावर कुठल्या फाइलीत मिळणार? ते आजाच्या डोक्यात असतं.

असा एक जबाब लिहिला जात असताना मी बसलो होतो, आजोबा डोंगराच्या बाजूच्या एका पाड्यावर. या साडेचार हजार फुटी डोंगराला आजोबा का म्हणतात, तर लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत, अशी इथली कथा. (गिर्यारोहक ‘आजोबा केला’ म्हणतात, त्यावर एकाही मास्तरांनी अजून हरकत घेतलेली नाही.) सांगणारा आजा सत्तरीच्या पलीकडचा, लिहिणारा बारावीतला पोरगा. आजा सांगत होता की शेजाऱ्याचा बाप वारला त्याच्या पुढच्या साली दुष्काळ पडला, ७२ चा, आणि मग त्या शेजाऱ्यानं रान कसायला घेतलं.

पोराचं पेन थांबलं. “आजा, तू खोटा बोलतोस.”

मी चपापलो. बसमधले मास्तर असते तर उठलेच असते.

“काल तूच बोललास ना, दुष्काळात सडकेच्या कामावर त्याचा बाप तुझ्यासंगं सुकडी खायचा? मग आधीच कसा मेला?”

आजा गप्प झाला. बोटांची पेरं मोजली, डोंगराकडं पाहिलं, पुन्हा मोजली. मग दात नसलेलं तोंड उघडून हसला.

“खरा हाय. खोड तो. मागून मेला. दुसरा लिव.”