सहा मिनिटे तीस सेकंद

हिवाळ्यात कोलकात्याच्या मैदानावर उजाडायच्या आधीच वर्दळ असते. व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट धुक्यात बुडालेला असतो, घोडदळ पोलिसांचे घोडे सरावासाठी बाहेर पडलेले असतात आणि त्यांच्यापासून काही अंतरावर पंचवीस-तीस तरुण-तरुणी धावत असतात. एकाच्या हातात मोबाइलवरचे स्टॉपवॉच. मुलांसाठी १६०० मीटर, साडेसहा मिनिटांत. मुलींसाठी ८०० मीटर, चार मिनिटांत. पोलीस शिपाई होण्याच्या वाटेवरचा हा एक टप्पा. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या आज्ञेने मी तिथे चालायला जाऊ लागलो आणि या मुलांशी ओळख झाली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दृश्यात एक विसंगती दिसते. १९०२ साली याच शहरात अनुशीलन समिती स्थापन झाली. तिच्या आखाड्यांत बंगाली तरुण लाठी फिरवत, दंड-बैठका काढत, ते ज्या सत्तेविरुद्ध उभे राहायचे होते तिचा पहारेकरी लालबाजारात बसलेला होता म्हणून. इंग्रजांनी बंगाल्यांवर दुबळेपणाचा शिक्का मारला होता. कोलकात्याच्या पोलीस दलातले बहुसंख्य शिपाई बिहारमधून आणि संयुक्त प्रांताच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतून येत. मुंबईत तीच जागा मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीकडच्या माणसांनी भरून काढली होती. पगार इतका तुटपुंजा असे, की ज्याला दुसरे काही मिळण्याजोगे होते तो या वाटेला जात नसे. आज त्याच नोकरीसाठी पदव्युत्तर तरुण पहाटे चारला उठतो.

मैदानावर भेटणारा एक तरुण माझ्याच विषयाचा, इतिहासाचा एम.ए. आहे. तो मला ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका. मराठीत हा शब्द काकीसाठी वापरतात, असे या स्तंभाच्या अनुवादकाने मला कळवले आहे. हा मुलगा दक्षिण चोवीस परगण्यातून आला, सियालदाजवळच्या एका मेसमध्ये सहा जणांबरोबर राहतो आणि संध्याकाळी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतो. शिपायाच्या पदाला माध्यमिक, म्हणजे दहावी, पुरेशी आहे. पण त्याच्या गटात दहावीवर थांबलेला एकही नाही. एकदा त्याने मला मुर्शिद कुली खानाच्या महसूलव्यवस्थेवर प्रश्न विचारला. उत्तर देताना मी अडखळलो, तेव्हा त्यानेच ते पुरे केले.

त्याला धावण्याची भीती वाटत नाही. साडेसहा मिनिटांची अट तो सहज पार करतो. त्याला भीती वाटते ती तारखेची. कोलकाता पोलीस दलातील शिपायांच्या ३,७३४ जागांची जाहिरात मार्च २०२४ मध्ये निघाली. त्याच वर्षी २२ मे रोजी उच्च न्यायालयाने २०१० नंतरची ओबीसी प्रमाणपत्रे रद्द ठरवली, राज्यातल्या अनेक भरती प्रक्रिया त्या वादात अडकल्या आणि ते वर्ष परीक्षेविना सरले. निर्णयाच्या गुणदोषांत मी जात नाही. मात्र वयोमर्यादा असलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने थांबलेली भरती आणि रद्द झालेली भरती यांत फारसा फरक नसतो. शरीराचीही एक मुदत असते. ऐन तयारीतले पाय दीड-दोन वर्षे तसेच राखायचे म्हणजे रोज खाणे हवे, विश्रांती हवी आणि दोन्हींसाठी पैसा हवा. मेसमध्ये दोन वेळचा भात मिळतो, अंडे वेगळे विकत घ्यावे लागते.

जागा रिकाम्या राहिल्या म्हणून काम थांबत नाही. ते कोण करते, हे आम्ही कोलकात्याच्या रहिवाशांनी फार मोठी किंमत मोजून जाणले. राज्यात लाखाहून अधिक सिव्हिक व्हॉलंटियर आहेत. ते कंत्राटी, मानधनावरचे. त्यांच्यासाठी ना अशी दौड, ना अशी लेखी परीक्षा, ना शिपायाइतके प्रशिक्षण. कायदा-सुव्यवस्थेचे काम त्यांच्याकडे देऊ नये, अशी भूमिका कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच घेतली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या बलात्कार व हत्येच्या गुन्ह्यात पकडला गेलेला आणि पुढे दोषी ठरलेला माणूस सिव्हिक व्हॉलंटियर होता. त्या ऑक्टोबरमध्ये, यांची निवड नेमकी कशी होते, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला विचारावे लागले. सगळेच व्हॉलंटियर तसे नाहीत. भर उन्हात चौकात उभे राहून वाहतूक सांभाळणारे कितीतरी मी रोज पाहतो. पण ज्या राज्यात एम.ए. झालेला मुलगा परीक्षेची वाट पाहत मैदानाला फेऱ्या मारतो, त्याच राज्यात गणवेशासारखा कपडा विनापरीक्षा मिळतो, ही गोष्ट मला प्रशासक म्हणून लाजिरवाणी वाटते. स्वस्त मनुष्यबळाचा मोह कोणत्याही वित्त विभागाला होतो. मी त्या टेबलावर बसलो आहे आणि अशा फायलींवर सही केली आहे, हेही इथे सांगितले पाहिजे.

मराठी वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले आणि मैदानी चाचण्या ऐन जूनच्या पावसात सुरू झाल्या. तुमच्याकडे एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बंगालमध्ये दौड ही केवळ पात्रता आहे. साडेसहा मिनिटांच्या आत आलात की पुढे, किती आत आलात याला महत्त्व नाही. महाराष्ट्रात मैदानी चाचणीला ५० गुण आहेत आणि त्यांतले २० गुण १६०० मीटरचे. प्रत्येक सेकंदाला किंमत आली की उमेदवार शरीराला कुठवर ताणील हे सांगता येत नाही. उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या तुमच्याच वृत्तपत्रांत आल्या आहेत. जून २०१४ मध्ये मुंबईत पाच किलोमीटरच्या दौडीत किमान चार तरुण दगावले आणि त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणले गेले. दहा वर्षांनी झारखंडने उत्पादनशुल्क शिपायांच्या ५८३ जागांसाठी ऑगस्टच्या दमट हवेत दहा किलोमीटर धावायला लावले. दहाहून अधिक उमेदवार मृत्युमुखी पडले. शेजारच्या राज्यातला धडा आपल्या प्रशासनापर्यंत पोहोचत नाही, तो प्रत्येक राज्य स्वतःच्या मुलांवर नव्याने गिरवते.

आणि या साऱ्या धावण्याचा कामाशी संबंध किती? १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिपायाचे काम यांत्रिक मानले होते. बुद्धी वापरायची ती वरच्यांनी. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने ही कल्पनाच मोडीत काढावी असे म्हटले. त्याचे अध्यक्ष धर्मवीर हे एकेकाळी आमचे राज्यपाल होते आणि १९६७ मध्ये अजय मुखर्जी यांचे सरकार बडतर्फ केल्यामुळे इथल्या अनेकांना अजूनही खपत नाहीत; पण आयोगाचा १९७९ चा पहिला अहवाल मुळातून वाचावा असा आहे. दलातला बहुसंख्य वर्ग शिपायांचा, लोकांशी पहिला संबंध त्यांचाच, तेव्हा त्यांना विवेकाने निर्णय घेण्याचे शिक्षण आणि बढतीची खरी संधी हवी, असा त्याचा रोख होता. तरीही मैदानावरच्या त्या एम.ए. मुलाची निवड झाली, तर बहुधा त्याला पहिली काही वर्षे बंदोबस्तात दोर धरून उभे राहावे लागेल.

माझ्या मते उंचीची आणि वेगाची अट वाढवण्यात काही अर्थ नाही. दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, जागा कमी असल्या तरी भरती व्हावी. न्यायालयीन वाद असेल तर वादग्रस्त जागा बाजूला ठेवून उरलेल्या भराव्यात. दौड नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच व्हावी, केवळ पात्रतेपुरती असावी आणि तिच्याआधी सरकारी रुग्णालयात हृदयतपासणी सरकारी खर्चाने व्हावी. रात्री अकराला ठाण्यात आलेल्या बाईची तक्रार उमेदवार कशी ऐकून घेईल, याची परीक्षा मुलाखतीच्या खोलीत घेता येते. हे खर्चिक आहे, असे वित्त विभाग म्हणेल. सिव्हिक व्हॉलंटियरचा खर्च केवळ मानधनाच्या रकान्यात मोजला, तर ते म्हणणे खरेही ठरेल.

गेल्या आठवड्यात तो मुलगा मैदानावर दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की नडगी दुखावली आहे; डांबरी रस्त्यावर धावल्याने असे होते. त्याच्या मित्राने स्टॉपवॉच माझ्या हाती दिले आणि म्हणाला, ‘काकू, आज वेळ तुम्ही घ्या.’ अकरा जण धावले. दहा साडेसहा मिनिटांच्या आत आले, अकरावी मुलगी होती. तिने ८०० मीटर तीन मिनिटे बावन्न सेकंदांत पुरे केले आणि परीक्षेची तारीख कळली का, असे मलाच विचारले.