बोट बुलढाण्यात विकत घेऊ नका

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या आणि टूरवाल्यांचे मेसेज सुरू झाले. रोज दोन तरी येतातच. ‘चार दिवस तीन रात्री कोकण, जेवण, एसी गाडी, बोटिंगसह.’ मला बोलायचं आहे ते त्या ‘बोटिंगसह’ या शब्दावर. गावातल्या काही मित्रांना राग येईल. येऊ द्या.

आपला जिल्हा समुद्रापासून लांब. मालवण म्हणजे सातशे किलोमीटरच्या आसपास. इतक्या दूर गेलोच आहोत तर सगळं उरकून घेऊ, हा आपला हिशोब. टूरवाल्यालाही तो बरोबर कळलेला आहे. मागच्या वर्षी आम्ही सतरा जण गेलो. एकाच दिवसात सकाळी डॉल्फिन, मग सुनामी आयलंड, मग स्कुबा आणि दुपारी सिंधुदुर्ग किल्ला. किल्ल्याला तासभर, आणि त्याच बोटीनं परत! महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला, 48 एकरांवर पसरलेला किल्ला. आपण सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातली, जिजाऊंच्या माहेरची माणसं. शिवराजेश्वराच्या मंदिरात जरा टेकलो नाही तोच हाका सुरू झाल्या, “चला चला, बोट सुटते.”

पण खरी गोष्ट त्याआधीच्या बोटीवर घडली. लाइफ जॅकेटं होती, पण फळीखाली गठ्ठा बांधून ठेवलेली. मी मागितली. बोटवाला काढायला वाकला, तर आमच्यातलेच एक काका म्हणाले, “राहू द्या हो, फोटो खराब येतात. आन् पत्रकार लोकांना सगळीकडं बातमीच दिसते.” सगळी बोट हसली. माझी बायकोसुद्धा.

आता बातमीच ऐका. 13 जानेवारी 2018, डहाणू. शाळकरी पोरांनी भरलेली बोट उलटली, तीन मुली गेल्या. 24 मे 2022, तारकर्ली. स्कुबा करून परतणारी बोट बुडाली, दोन पर्यटक गेले. 18 डिसेंबर 2024, मुंबई. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीड बोट धडकली. ‘नीलकमल’ला परवानगी होती 84 प्रवाशांची, आत होते शंभरावर. बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर. धडक नौदलाच्या बोटीची होती हे खरं, पण जास्तीची माणसं आत कोणी बसवली?

आणि हे फक्त समुद्राचं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. मे 2024 मध्ये उजनीत सहा. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारतात, म्हणून पोहणं येतं असं आपण धरून चालतो. विहिरीला लाट नसते, भाऊ.

मालवणच्या बोटवाल्यांना शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. वारा फिरला की अनुभवी माणूस “आज नको” म्हणतो. मग आपणच ओरडतो, “पैसे भरलेत आम्ही, सातशे किलोमीटरवरून आलोय.” रोग आहे तो इथं. तीन आठवडे आधी बुलढाण्यात, मलकापुरात, चिखलीत बसून आपण समुद्रावरचा दिवस विकत घेतो. त्या दिवशी वारा काय असेल हे टूरवाल्याला माहीत आहे? 2019 ची ऐन दिवाळी आठवा. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, कोकणात बोटी बंदरात बांधून ठेवल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी घ्या, मुक्काम घ्या, जेवण घ्या, बोट पॅकेजमधून काढून टाका. बोट ठरवायची ती त्या दिवशी सकाळी, जेट्टीवर उभं राहून, समुद्राकडे बघून. परवाना किती माणसांचा आहे ते विचारायचं आणि चढलेली डोकी मोजायची. जॅकेट आधी अंगात, पट्टे आवळून, मग पाय बोटीत. लेकरांच्या मापाचं नसेल तर उतरायचं. आणि दिवसाला एकच सफर. डॉल्फिन बघायचे तर पहाटे निघा आणि दुपारी झोपा. किल्ला बघायचा तर सकाळच्या पहिल्या बोटीनं जा, आणि परत दुसऱ्या बोटीनं येता येईल का हे चढायच्या आधीच ठरवून घ्या. कमी बघून आलात तर कोणी दंड करत नाही.

शाळांच्या सहलींचं तर वेगळंच. पालकांकडून संमतीपत्र घेतात, त्यात बोटीचा उल्लेखही नसतो. मुख्याध्यापकांनी तो लिहावा, नाहीतर पोरांना काठावरच ठेवावं.

परवा एका टूरवाल्याला फोन केला. विचारलं, बोट कोणाची, परवाना किती जणांचा, हवा बिघडली तर बोटीचे पैसे परत देणार का? म्हणाला, “दादा, ते तिकडचे लोक बघतात.” मी म्हटलं, मग बोटीचे पैसे वजा करून भाव सांगा. अजून त्याचा फोन आलेला नाही.