वकिलाकडे ठेवलेला इसार: दाद कुठे मागायची?
नागपुरात प्लॉटचा सौदा ठरला की कधीकधी इसाराची रक्कम वकीलसाहेबांकडे ठेवतात. रजिस्ट्री झाली की विकणाऱ्याला द्यायची. सौदा फिसकटला की दोघेही म्हणतात, पैसा माझा.

14 मे 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे सेवेतल्या कसुरीसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. उरले तीन: वसुलीसाठी दिवाणी दावा, गैरवर्तनासाठी 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली बार कौन्सिलकडे तक्रार, अन् अमानतीत खयानत झाली असेल तर पोलीस.

तिन्हीकडे पहिला सवाल एकच: लेखी काय आहे? पैसा कोणत्या अटीवर कोणाला, सौदा मोडला तर कोणाला परत, हे तिघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. रोख नको, चेक द्या. भरवसा ठेवा, पण कागदावर.